फाळाचा मधला तारा

आंधळ्या माणसाच्या हाताला डोळे असतात असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. आमच्या आत्याबाईच्या हातांना डोळे नव्हते, चटके होते. चुलीचे, तव्याचे, कंदिलाच्या काचेचे, उतू जाणाऱ्या पेजेचे. डोळस बाईच्या हातावर जन्मभरात जेवढे डाग पडतात त्याहून कितीतरी जास्त तिच्या दहा बोटांवर होते, आणि त्या डागांनीच तिला आमचं घर शिकवलं होतं. ती माझ्या बाबांची थोरली बहीण. पहाटे घरात पहिला आवाज तिचा. आधी खोकला, मग बांगड्या, मग सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाला हात लागल्याचा थप्प असा एक आवाज. त्यानंतर कोंबडा आरवायचा. माय म्हणायची, आपला कोंबडा बाईच्या भरोशावर आहे, एक दिवस बाई उशिरा उठल्या तर सूर्यही नाही उगवणार.

तांदूळ निसायचं काम तिचं. सुपात तांदूळ पसरून ती बोटं अशी फिरवायची की खडा आपणहून वर यावा. माझी वेणीही तीच घालायची. मला मांडीपुढं बसवून डोक्यात जवसाचं तेल ओतायची, आणि वेणी झाली की प्रत्येक वेळी माझी हनुवटी वर करून उजव्या डोळ्याखाली अंगठा फिरवायची. एकदा, दोनदा, हळूच, जसं सुपातल्या खड्यावरून फिरवावं तसं. मला वाटे ही तिची माया करायची रीत. कोणाच्या मायेची रीत पाठीवर धपाटा, हिची डोळ्याखाली अंगठा.

तिचं सासर आंबागडाकडं, किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथं तिचे डोळे हळूहळू गेले. मग एके दिवशी तिचा नवरा तिला एसटीनं घेऊन आला. दिघोरीहून लाखांदूरकडं जाणारी गाडी आमच्या गावाच्या वळणावर चिंचेखाली थांबते, तिथं त्यानं तिला उतरवलं, वळकटी हातात दिली आणि बाबांना म्हणाला, "इकडं औषधपाणी करा भाऊ, मी आठवड्यानं येतो न्यायले." आणि त्याच गाडीत परत चढला. तो काही आला नाही. बाबा कधीमधी म्हणायचे, "त्याचा आठवडा लय मोठा निघाला गा." आत्याबाई त्यावर सगळ्यांत आधी हसायची. मी मात्र लहानपणापासून वळणावर गाडीचा ब्रेक करकरला की हातातलं काम सोडून थांबायची. कोणाला उतरवून दिलं की काय, असं उगाच मनात यायचं.

मी सांगते आहे तो हिवाळा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात असतानाचा. आमच्याकडं धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला, धान कणगीसारख्या ढोलीत गेलं, की खळं मोकळं होतं. शेणानं सारवलेली ती गोल जागा, एका बाजूला धानाच्या तणसाचा ढीग, मागं तलावावरून येणारा गार वारा, आणि पुढं धानाच्या बांध्यांमध्ये मागून टाकलेली लाखोळी, लाखेच्या डाळीचं हिरवं पीक. जेवणं दिवेलागणीलाच होत. भात, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वाळल्या झिंग्यांची चटणी, आणि भेदरं घातलेलं आंबट वरण. भेदरं म्हणजे टमाटे. हे मला माझ्या नातसुनेलाही समजावून सांगावं लागतं. जेवण झालं की खळ्यात शेकोटी पेटायची आणि आत्याबाई माझं मनगट धरायची.

मनगट धरायची म्हणजे तारे दाखवायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्या घरात आभाळ शिकवणारी बाई आंधळी होती. लाखांदूरची शेवटची गाडी चिंचेखालून गेली की ती म्हणायची, आता नांगर मोहाच्या झाडावर आला असन, आणि तो आलेला असायचा. माझं मनगट धरून ती माझंच बोट आभाळात फिरवायची. "हात लांब कर वो. वाकडा काहून धरली? तारे काय तुह्या बापाच्या बांधीत उगवले?" मग वर, डोक्यावर, कृत्तिका. त्यांना ती पोरींचा घोळका म्हणायची, पाण्याला निघालेल्या पोरी, एकमेकींना चिकटून. रात्र चढली की उत्तरेला बुढीचं खाटलं, म्हणजे सप्तर्षी, आणि ते चोरायला निघालेले तीन चोर. आणि समोर नांगर, पुस्तकातल्या मृग नक्षत्रातला. तीन ठळक तारे एका रांगेत, तो नांगराचा दांडा, आणि त्याच्याखाली लोंबणारे तीन बारीक तारे, तो फाळ. मी म्हणायची, दिसले. खरं सांगू का, मी त्या बारीक ताऱ्यांकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिनं तीन म्हटलं की मी तीन म्हणायची. भाकरीकडं कोण निरखून पाहतं, तसं.

त्या संध्याकाळी शेजारची कौतिकाबाई विस्तव न्यायला म्हणून आली आणि शेकोटीशी बसली ती बसलीच. तिचं आपलं चाललं होतं की आताशा सुईत दोरा ओवता येत नाही, सून हसते. मी बाजूला तणसावर बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत होती.

"सुईचं काही नाही वो कौतिका," आत्याबाई म्हणाली. "सुई सगळ्यायचीच जाते. माहं कसं झालं सांगू? माहे पह्यले दिवे नाही गेले, माणसं बी नाही गेली. पह्यले फाळाचा मधला तारा गेला."

"तारा कसा जाईन वो बाई?"

"ऐक तं. अठीच बसली होती मी, याच खळ्यात. वरचा ठणठणीत, खालचा ठणठणीत, अना मधल्याले धूर. मी म्हटलं, ढग असन. दुसऱ्या दिवशी पाह्यली, तसाच. रोज पाहो, रोज धूर. तव्हाच समजली मी, का डोळ्यात काहीतरी उतरून राह्यलं. मंग दिव्याभवती रिंगण आलं. मंग माणसायभवती आलं. मंग सारंच धुरात गेलं."

"कोणाले सांगतली नाही?"

"सांगून काय? माह्या मायची माय बी आंधळीच मेली. आमच्या घराण्यात बायकायचेच डोळे उतरतात. ज्याचं त्याचं येते कपाळी."

कौतिकाबाई चुकचुकली, विस्तव खापरात घेऊन गेली. मी शेंग हातात धरून वर पाहिलं. नांगर मोहाच्या शेंड्यावर होता. दांड्याचे तीन तारे लखलखीत. खाली फाळ. वरचा बारीक तारा, टाचणीच्या टोकासारखा. खालचाही तसाच. आणि मधला नव्हता. म्हणजे होता, पण तो तारा नव्हता. कोणी आरशावर श्वास सोडावा तसा एक पांढुरका डाग होता. मी डोळे चोळले. शेकोटीचा धूर असेल म्हणून उठून तलावाच्या बाजूला गेली. तिथून पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. दोन्ही डोळ्यांना तो तसाच.

भीती कशी असते ते मला त्या हिवाळ्यात समजलं. आपल्याला वाटतं भीतीनं माणूस ओरडतं. तसं नाही. भीतीनं माणूस फार शहाण्यासारखं वागू लागतं. मी सकाळी उठून गुपचूप बांधीत जायची आणि लाखोळीच्या पानांवरचं दव ओंजळीत निथळून डोळ्यांवर मारायची, कारण दवानं नजर निवते असं कोणीतरी म्हटलेलं आठवत होतं. शाळेत मागच्या ओळीत जाऊन बसायची आणि फळ्यावरची अक्षरं वाचून पाहायची. तलावाच्या पल्याडच्या काठावर बगळे बसत, त्यांचे पाय दिसतात का ते पाहायची. सगळं दिसत होतं. अक्षरं दिसत होती, बगळ्यांचे पाय दिसत होते. पण त्यानं धीर येत नव्हता, कारण आत्याबाईनं सांगितलं होतं ना, पहिले दिवे जात नाहीत, माणसं जात नाहीत. पहिला तो तारा जातो. आणि संध्याकाळ झाली की तो तिथंच असे, तसाच धुरकट, माझी वाट पाहत असल्यासारखा. ढगाळ दिवस आला की मला सण वाटायचा.

मायला विचारून पाहिलं, आडून. "माय, लाखोळीनं डोळे जातात का वो?"

"ती डाळ लय खाल्ली तं पाय जातात म्हणतात," माय म्हणाली. तिचं अर्धं डोकं चुलीत होतं. "डोळे तं चुलीनं जातात. घे फुंकणी, माहे वाचव थोडे."

असं तिचं बोलणं. एरवी मी हसली असती. मी फुंकणी घेतली आणि चुलीपुढं बसून विचार करू लागली की आपल्याला कोण उतरवून देईल, आणि कुठल्या वळणावर. मी खोटं बोलत नाही, मला आंधळं होण्याची भीती होती ती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या एसटीची होती. माझं लग्न होईल, मग माझ्या दिव्यांभोवती रिंगण येईल, मग एक माणूस माझी वळकटी बांधेल. आत्याबाईला भाऊ होता. मला तर भाऊही नव्हता. मी वळणावर उतरेन तेव्हा चिंचेखाली कोण उभं राहील, हा प्रश्न मी त्या वयात रोज जेवताना विचारायची, स्वतःला, आणि भात पुढं सरकवून उठायची. माय म्हणायची, पोट्टीला नजर लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्यांचा तडतडाट ऐकून मला उलट वाटलं की आता घरालाही कळलं.

कोणाला सांगितलं का नाही, असं आज माझ्या नाती विचारतात. काय सांगू? सांगितलं की ते खरं होतं. जोवर तो डाग फक्त मी पाहते तोवर तो माझ्या आणि आभाळाच्या मधली गोष्ट होती.

मग मी ठरवलं की जायचेच आहेत डोळे तर शिकून घेऊ. आत्याबाईनं पोळून पोळून शिकलं, आपण आधीच शिकू. मी घरात डोळे मिटून वावरायला लागली. कोणी नसताना चुलीपासून रांजणापर्यंत, रांजणापासून गोठ्यापर्यंत. ढोलीला डाव्या अंगाला ठेवलं की उंबरठा येतो. भिंतीचा पोपडा जिथं निघालाय तिथून सपरी. गोठ्यातली गाय डावीकडं फुरफुरते. अंधाराचं घर उजेडाच्या घरापेक्षा मोठं असतं, ही गोष्ट मला तेव्हा कळली. एवढीशी आमची सपरी, पण डोळे मिटले की संपता संपत नसे. एकदा कवाडावर कपाळ आपटलं. एकदा पेजेच्या गंजाला हात लागून दोन बोटं पोळली, आणि मी ती तोंडात घालून उभी राहिली, ओरडली नाही. मनात म्हटलं, हा पहिला.

दिवेलागणीची वेळ होती. बाबा बैल बांधत होते. मी भरलेली बादली घेऊन आंगणातून गोठ्याकडं निघाली, डोळे मिटून. आत्याबाई सपरीत सुपाशी बसली होती. तिला काय दिसणार, असं मी समजली होती. अर्ध्या आंगणात गेली तोच सुपातला आवाज थांबला.

"शकू."

"ओ."

"डोळे मिटून काहून चालून राह्यली वो?"

मी डोळे उघडले. बादली हिंदकळून पायांवर पाणी आलं. "नाही तं," मी म्हटलं.

"मले शिकवतं? हे पाय माहे हायत. असे पाय मीच टाकतो या घरात. पह्यले टाच लावून पाहाची, मंग पंजा. डोळस माणूस असा नाही चालत. अठी ये."

मी गेली. तिनं माझा हात धरला आणि तिची बोटं सरळ त्या पोळलेल्या दोन बोटांवर गेली. तिथं ती थांबली. मग तिनं फार हळू आवाजात विचारलं, "काय दिसत नाही तुले?"

आणि मी सांगितलं. रडत नव्हती मी, उलट फार सरळ आवाजात सांगितलं, जसं कोणा दुसऱ्याचं सांगावं. फाळाचा मधला तारा. धूर. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. दव लावून पाहिलं.

मी आत्याबाईला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिचा हात बाभळीच्या सालीसारखा खरखरीत, तो थंड पडला. तिचे ते पांढरे झालेले डोळे माझ्या तोंडाऐवजी माझ्या खांद्यावर रोखलेले होते, आणि ओठ हलत होते. बरंच झालं की ती लगेच बोलली नाही, कारण मला वाटतं ती पहिल्यांदा तेच म्हणणार होती जे ती कौतिकाबाईला म्हणाली, ज्याचं त्याचं कपाळ. ते तिनं गिळलं. सूप बाजूला सारलं, तांदूळ सांडले तरी तिकडं लक्ष नव्हतं, आणि ती एकदम उठून मोठ्यानं हाक मारू लागली. "शकूची माय! वो शकूची माय, बाहेर ये!"

माय पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं बाई? साप हाय का?"

"आभाळात पाह्य."

"आं?"

"पाह्य म्हणतो न. नांगर आला का?"

एव्हाना अंधार पुरता पडला होता, आणि हिवाळा सरत आला की नांगर लवकरच वर येतो. मोहाच्या झाडावर नांगर होता. माय एकदा माझ्याकडं, एकदा आत्याबाईकडं पाहत म्हणाली, "आला न. रोजच येते."

"फाळाचे तीन तारे पाह्य. मधला कसा दिसते तुले? खरं सांगजो, तुह्या लेकराची आण हाय."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आत्याबाईनं बाबांना हाक नाही मारली. बाबा तिच्याच रक्ताचे. तिनं मायला बोलावलं, कारण माय आमच्या घराण्यातली नव्हती. ती चुलबंद नदीच्या पल्याडची. तिच्या घराण्यात कोणाचे डोळे उतरले नव्हते. तिची माय म्हातारपणी चिमणीच्या उजेडात वाकळ शिवायची. एवढा विचार आत्याबाईनं त्या घाबरलेल्या अवस्थेत केला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं.

मायनं पिठाचा हात कपाळावर आडवा धरून वर पाहिलं. मला तिच्या गळ्याची शीर हलताना दिसत होती. आजही कधी दवाखान्यात डोळ्याचा दाब मोजायला बसते आणि तो डॉक्टर यंत्रामागं गप्प होतो, तेव्हा मला मायचा तो वर केलेला गळा दिसतो.

"कोणता, तो?" माय म्हणाली. "तो तं धुरकटच हाय."

"कव्हापासून?"

"कव्हापासून म्हंजे काय बाई? पह्यलेपासून. मी पोट्टी होतो तव्हा माहेरी बी तसाच दिसे. आमच्याकडच्या बायका म्हणत, तठी कोणीतरी ओली लाकडं पेटवली. काहून?"

बाबा गोठ्यातून आले. माय त्यांना म्हणाली, "तुमीबी पाहा जी. फाळाचा मधला तारा धुरकट हाय का नाही?"

बाबा म्हणाले, "मी कायले पाहू? दिवसभर नांगर हातात राह्यते, आता रातच्यालेबी नांगरच पाहू काय?" पण पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हाय खरा. आग विझवल्यावानी. असाच असते वाटते तो."

मी मटकन आंगणात बसली. माझ्या पायांखाली ते सांडलेलं पाणी होतं, थंडगार, ते मला फार बरं वाटलं. पण मला जे आठवतं ते माझं हायसं वाटणं नाही. मला आत्याबाई आठवते. ती सपरीच्या खांबाला धरून उभी होती आणि तिला कोणी मारलं असावं असं तिचं तोंड झालं होतं.

"मंग," ती म्हणाली, "त्या हिवाळ्यात माहे डोळे चांगले होते."

तो हिवाळा म्हणजे माझ्या जन्माचा. मायच्या माहेरी तेव्हा कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच, आणि ते करायला आत्याबाई आंबागडाहून आली होती. तेव्हाच तिनं खळ्यात बसून तो तारा पाहिला. त्याच दिवसापासून तिनं आपल्या डोळ्यांनी दिसणाऱ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता.

"पण घरातबी मले धूर दिसे," ती म्हणाली, जणू आमच्याशी नाही, त्या खांबाशी. "तुहं तोंड धुरात. पोट्टीचं तोंड धुरात."

"बाई," माय म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ मी कमी वेळा ऐकला आहे, "त्या खोलीत धूरच होता न. ओवा अना लसणाच्या साली टाकून शेगडी तुमीच तं पेटवत होत्या. मले शेक, पोट्टीले धुरी. माहेबी डोळे चुरचुरत. मी काय आंधळी झाली?"

आत्याबाई हळूहळू खाली बसली. हात पुढं करून तिनं मला चाचपडलं, हनुवटी वर केली, आणि अंगठा उजव्या डोळ्याखाली आणला. पण या वेळी फिरवला नाही. नुसता ठेवला.

"अठी तीळ हाय?"

मी म्हटलं, "हाय."

"काळा? बारीक?"

"हाय, आत्याबाई. जन्मापासून हाय."

"मी पाह्यला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं माह्या डोळ्यातलाच ठिपका असन. बोटाले तं लागत नाही तीळ."

इतकी वर्षं ती वेणी घालून झाल्यावर तेच शोधत होती. कोणालाही विचारता आलं असतं. माय तिथंच होती, बाबा होते, मी तर तिच्या मांडीशीच बसलेली असायची. तिनं विचारलं नाही, कारण नाही असं उत्तर आलं असतं तर तिच्याजवळचं शेवटचं नीट पाहिलेलं तोंडही गेलं असतं. मी तरी कुठं विचारलं होतं कोणाला? तो सबंध हिवाळा आम्ही दोघी एकाच आंगणात एकाच ताऱ्याला भ्यालेल्या होतो, आणि एकमेकींपासून लपवत होतो.

तिचे डोळे पुढं गेले ते गेलेच, ते काही त्या ताऱ्यानं नाही. आजचे डॉक्टर सांगतात त्यावरून मला वाटतं तो काचबिंदू असावा, आणि तो घराण्यात उतरतो हे तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. म्हणून मी दर साली तपासून घेते, आणि दर साली यंत्रावर हनुवटी ठेवताना घाबरते. तिनं तेव्हाच कोणाला सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी तिच्यापाशी कधी काढलं नाही. तिनंही काढलं नाही. काही गोष्टींवर झाकण ठेवलेलं बरं, भात खाली लागला असला तरी.

पुढं माझं लग्न लाखांदुरात झालं. शेपटीचा तारा येणार म्हणून सगळीकडं बोलबाला झाला त्या हिवाळ्यात आत्याबाई माझ्याकडं राहायला आली होती. हायस्कूलच्या मैदानावर एका विज्ञानाच्या मास्तरांनी दुर्बीण लावली होती आणि अंधार पडायच्या आधीपासून रांग. आत्याबाई म्हणाली, मलेबी ने. रांगेत मागचा एक माणूस हसला, "बुढीले काय दिसन गा?" ती वळली नाही, म्हणाली, "तू पाहून ये, मंग मले सांग तुले काय दिसलं." आणि खरंच, पाहून आलेले लोक तोंड पाडून येत होते. एवढी शेपटी-शेपटी म्हणत होते, दिसलं काय तर कापसाचा बोळा. आमची पाळी आली तेव्हा मी मास्तरांना म्हटलं, गुरुजी, माझा शेपटीचा राहू द्या, मला नांगराच्या फाळाचा मधला दाखवा. त्यांनी कपाळावरचा मफलर सरकवला, जरा पाहिलं माझ्याकडं, आणि दुर्बीण फिरवली.

नळीला डोळा लावायच्या आधी मी तो पदरानं पुसून घेतला. एवढी मोठी बाई, दोन लेकरांची माय, आणि मनात तेच, की आता नळीतून तो स्वच्छ टिंबासारखा दिसला तर? तर धूर आपल्याच डोळ्यात होता. पण नळीत धूर उलट मोठा झाला. पंखासारखा पसरलेला, हिरवट-पांढरा, आणि त्याच्या पोटात अगदी जवळजवळ चार बारीक तारे, इतके बारीक की फुंकलं तर विझतील. मास्तर सांगत होते की तो वायू आणि धुळीचा ढग आहे, त्यातच तारे तयार होतात, हे चार अगदी कोवळे आहेत, आणि वरच्या कृत्तिकाही कधीकाळी अशाच एका धुरातून बाहेर पडल्या, त्याही अजून तरुणच आहेत. मी जसं ऐकलं तसं आत्याबाईच्या कानात सांगत गेली.

"म्हंजे बाळंतिणीची खोली," ती म्हणाली.

"हो."

"चार हायत?"

"चार दिसून राह्यले."

"रडून राह्यले का वो?"

"इतक्या दुरून कसं ऐकू येईन, आत्याबाई?"

"हो, तेबी खरं हाय," ती म्हणाली, आणि रांगेतून बाजूला झाली, मागच्या लोकांना उशीर होत होता म्हणून.

मैदानातून निघालो तेव्हा बाजूच्या रस्त्यावर एसटी येऊन थांबली. ब्रेक करकरला आणि मी सवयीनं थबकली. चार-दोन माणसं उतरली, आपापल्या घरी गेली. आत्याबाईला कळलं मी का थांबली ते. तिला पायांवरून सगळंच कळायचं. तिनं माझं मनगट घट्ट केलं.

"शकू, तीळ हाय न अजून?"

"हाय."

"बरं," ती म्हणाली. मग आम्ही घराकडं निघालो. ती माझं मनगट धरून, आणि मी तिला रस्त्यातले खड्डे सांगत.